महिला चॅम्पियन, डोंबिवली पूर्व

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशीही नाही — आणि तिला माझ्या बहुतेक सगळ्या लाजिरवाण्या गोष्टी ठाऊक आहेत. एकदोनदा अगदी ओठांवर आलेलं. पण सुरुवात ऐकली की माणूस हसतो. सुरुवातीला कुस्ती आहे ना, आणि तीही मनातल्या मनात खेळलेली. मग समोरचा हसला की मीही हसतो, आणि पुढचं तसंच राहून जातं. तुम्हीही हसा. हसण्यासारखंच आहे ते. मी थांबतो.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो. चार मजल्यांची सोसायटी, लिफ्ट नाही, गच्चीला कुलूप असायचं पण त्याची किल्ली सगळ्यांना माहीत होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. केबलवाल्याने गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी ओढल्या आणि अमेरिकन कुस्ती आमच्या घरांत शिरली. तेलकट अंगाचे, लांब केसांचे ते राक्षस, ते चमचमते बेल्ट, ती ओरडाआरड. आई म्हणायची, "अरे, हे एकमेकांना खरं मारत नाहीत." आम्हाला ते माहीत होतं. तरीही बघायचो. का बघायचो? मला वाटतं, कोण कुणाला कसं पाडणार हे आधीच कुणीतरी बसून ठरवतं, याचंच मला आकर्षण होतं. आपल्याला ते ठरवायला मिळालं तर?

म्हणून मी लीग काढली. मी नववीत होतो. मंगेश — मंग्या — माझ्या वर्गातला, तिसऱ्या मजल्यावरचा. पप्पू तळमजल्यावरचा, आमच्याहून एक वर्षाने लहान. प्रत्येकाने आपल्या मनाने एक पैलवान बनवायचा. त्याचं नाव, त्याचे डाव, त्याची खोड. मंग्याचा होता बुलडोझर. पप्पूचा डॉक्टर डेंजर. माझा ब्लॅक कोब्रा. रविवारी दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघांनी समोरासमोर बसायचं आणि कुस्ती सांगायची. एकाने डाव सांगायचा, दुसऱ्याने त्यातून सुटका सांगायची. बाकीच्यांनी ऐकायचं. बिल्डिंगमधली चिल्लीपिल्लीही जमायची. शेवटी हात वर करून निकाल. ज्याची गोष्ट भारी, त्याचा पैलवान जिंकला. एक नियम मी पहिल्याच दिवशी घातलेला: लीगमधलं काहीही मोठ्यांना सांगायचं नाही. अभ्यासाच्या वर्षात असले धंदे कळले असते तर सगळं बंद झालं असतं. आम्ही गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतलेली.

लीगचा अध्यक्ष मी. आणि चॅम्पियनही मीच. बाबांच्या जुन्या बॅगेचा पट्टा, मधोमध श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, त्यावर सोनेरी कागद — असा बेल्ट मीच बनवलेला, त्यामुळे तो पहिल्यांदा ब्लॅक कोब्राकडे असणार हे कुणी विचारलंही नाही. मंग्याला गोष्ट रंगवता यायची नाही. पप्पू मधेच हसायचा. मला हरवणारं कुणी नव्हतं.

मग मनी आली.

मनीषा. सगळे मनीच म्हणायचे. तिच्या वडिलांची सोलापूरहून बदली झालेली, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेले. तीही नववीत, पण मुलींच्या शाळेत. बिल्डिंगमध्ये तिच्या वयाची एकही मुलगी नव्हती. ती संध्याकाळी जिन्यात पुस्तक घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय आखडून वाट द्यायची. आम्हाला चौथा खेळाडू हवा होता. मंग्या म्हणाला, "तिला घेऊया का?" मी म्हटलं, "घेऊया." मला वाटलं, एक हरणारं माणूस वाढेल.

आमच्याकडे खाडीवरून एक कोळीण मासे घेऊन यायची. जसवंतीबाय. "मावरा घ्या गो बाय" म्हणून हाक मारली की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जायची. मनीच्या घरी मासे शिजत नसत, पण तिला जसवंतीबाय फार आवडायची. मनीने तिलाच रिंगमध्ये उतरवलं.

पहिली कुस्ती बुलडोझरशी. मंग्याने सांगितलं, बुलडोझर धावत येतो, तिला उचलतो. मनी मांडी घालून बसलेली, आवाज अगदी शांत. म्हणाली, "जसवंती रिंगमध्ये आली. डोक्यावर पाटी. पाटी ती खाली ठेवत नाही. बुलडोझर धावत आला. ती म्हणाली, थांब रे भावा, आधी भाव ठरव."

मंग्या माझ्याकडे बघायला लागला.

"बुलडोझर थांबला. त्याला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. तो विचार करतोय तोवर तिने पाटीतला बर्फ त्याच्या पायाखाली ओतला."

पोरं टाकीवर लोळून हसली. निकालाला हातच हात. मंग्यानेही स्वतःविरुद्ध हात वर केला. पुढच्या रविवारी डॉक्टर डेंजर गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम दोघांना मिळून तिच्याशी लढायला लावलं — तेही गेले. आता फक्त मी उरलो होतो. रविवारी टायटलची कुस्ती ठरली, आणि शेजारच्या बिल्डिंगमधली पोरंसुद्धा यायची म्हणत होती.

मी हरणार होतो. हे मला स्वच्छ दिसत होतं. खेळ होता तो, हरलो असतो तर काय झालं असतं? काहीच नाही. पण त्या वर्षी बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडलेली. ते दिवसभर घरी असायचे, एकच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचे. मला अभ्यास जमत नव्हता, क्रिकेटमध्ये मला शेवटी घ्यायचे. एका गच्चीवर, एका टाकीच्या सावलीत मी कुणीतरी होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी असं होतं, एवढंच. मंग्याच्या घरीही काही फार बरं नव्हतं, आणि त्याने हात वर केला होता.

शनिवारी मी सगळ्यांना बोलावलं आणि नवी घोषणा केली. टीव्हीवर मोठ्या बेल्टच्या खालचे छोटे बेल्ट असायचे ना — जोडीचा, अमक्याचा, तमक्याचा. आपली लीग आता वाढली, मी म्हटलं, आपल्यालाही तसे बेल्ट पाहिजेत. जोडीचा बेल्ट — बुलडोझर आणि डॉक्टर डेंजर. आजपासून तुम्ही जोडी चॅम्पियन. मंग्या आणि पप्पू एकमेकांकडे बघून खूश. त्यांना आजवर काही मिळालंच नव्हतं. आणि दुसरा — महिला जागतिक चॅम्पियनशिप. ही जसवंतीला. न लढता, मानाने. आणि नियम असा, की ज्याच्याकडे एक बेल्ट आहे त्याला दुसऱ्यासाठी लढता येणार नाही.

किती सोपं होतं! मी रात्रभर तो नियम घोळवलेला. कुणाला अपमान वाटणार नाही, उलट मान दिल्यासारखं दिसेल, आणि रविवारची कुस्ती आपोआप रद्द. आज कुठे मोठ्या खुर्च्यांवरच्या लोकांना असं करताना बघतो — एखाद्याला वेगळं पद देऊन बाजूला बसवताना — तेव्हा मला ती पद्धत ओळखू येते. मी ती चौदाव्या वर्षी स्वतःची स्वतः शोधून काढलेली.

मनीने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "पण मी लढायचं कुणाशी? बाईमाणूस मी एकटीच आहे."

बरोबर होतं तिचं. मी याचा विचारच केला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी बोललो, "कल्याणच्या येणार आहेत ना."

"कल्याणच्या?"

"कल्याणला पण लीग आहे. माझी मावशी राहते तिकडे, पारनाक्याला. तिच्या गल्लीत. तिकडे मुली पण आहेत."

मावशी खरी होती. पारनाका खरा होता. बाकी काही नाही.

"नाव काय तिचं?" मनीने विचारलं. मुली म्हटलं होतं मी, तिने त्यातली एक उचलली.

"सुनीता," मी म्हटलं.

मनीने तिचा बेल्ट स्वतः बनवला. आईच्या फाटक्या साडीचा जरीचा काठ, आतून जाड कापड, टाके असे की दिसणार नाहीत. माझ्या श्रीखंडाच्या झाकणापेक्षा तो कितीतरी सुंदर होता. दर रविवारी ती तो घेऊन यायची, मांडीवर ठेवायची आणि पंच म्हणून बसायची. ब्लॅक कोब्रा सगळ्यांना हरवत राहिला. तिचा हात कधी माझ्या बाजूने वर जायचा, कधी नाही, पण प्रामाणिकपणे. एकदा पप्पूने तिला चिडवलं, तू तर एकदाही लढली नाहीस. ती म्हणाली, "चॅम्पियनने वाट बघायची असते."

आणि ती खरंच वाट बघत होती. "सुनीता कधी येणार?" हे ती मला जिन्यात, गच्चीवर, दुधाच्या रांगेत विचारायची. मग मला सुनीता बनवावी लागली. पहिल्यांदा थोडीशी. दोन वेण्या, चष्मा, शाळेत पहिली येते. तिचा पैलवान म्हणजे मास्तरीणबाई, हातात पट्टी घेऊन रिंगमध्ये येते आणि समोरच्याला आधी पाढे म्हणायला लावते. यावर मनी इतकी हसली की जिन्यावर बसलीच. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर — आणि आता खरंच सांगतोय — ब्लॅक कोब्रापेक्षा सुनीता मला जास्त चांगली जमली. कुणी मला इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं.

आई महिन्यातून एकदा मावशीकडे जायची, मी सोबत. परत आलो की मनी वाट बघत असायची. "भेटली का?" भेटली. "काय म्हणाली?" म्हणाली, जसवंतीला सांग, पाढे पाठ करून ठेव. "तिला सांग, सुरमईचे पैसे आधी द्यायचे, मग पाढे." सांगतो. सांगितलं की पुढच्या वेळी — हसली का? खूप हसली. मग मनी सुनीतासाठी वेगळं काहीबाही द्यायला लागली. एक रिबीन. चिंचेच्या गोळ्या. एकदा स्वतः काढलेलं जसवंतीचं चित्र. गोळ्या मी खाल्ल्या. रिबीन आणि चित्र कल्याणला जाताना लोकलच्या खिडकीतून टाकून दिलं. आईने विचारलं, काय टाकलंस रे? मी म्हटलं, कचरा.

तेव्हाही मला थांबता आलं असतं. एका मुलीला मैत्रीण नाही, म्हणून ती मी बनवलेल्या मुलीशी मैत्री करत होती — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. चौदा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. पण सुनीता नाही म्हटलं, तर मग तो बेल्ट कशासाठी काढलेला हेही सांगावं लागलं असतं.

येण्याचं मात्र दर वेळी पुढे ढकलावं लागायचं. सुनीताची परीक्षा आहे. सुनीता शीळफाट्याला मामाकडे गेलीय. सुनीताच्या घरी पाहुणे आहेत. मनी कधी रागावली नाही. मग आमची वार्षिक परीक्षा संपली आणि ती आनंदाने वर आली. "मी आईला विचारलंय, सुनीताचं न सांगता. सुट्टीत तुझी आई मावशीकडे जाईल ना, तेव्हा मी पण येणार. आई हो म्हणालीय!"

दोन दिवस मी तिला टाळलं. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली, आणि मी सांगून टाकलं — सुनीता आजारी आहे. कावीळ. बरीच आहे. कुणाला भेटू देत नाहीत.

मला वाटलं, झालं, मिटलं. हळूहळू विसरेल.

मनीचा चेहरा उतरला. "डोळे पिवळे झालेत?"

"हो."

"खूप?"

"खूप," मी म्हटलं, आणि वर निघून आलो.

शनिवारी दुपारी तिची आई गॅलरीतून हाका मारत होती. मनी, ए मनी! मी घरात होतो. पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. मग हाका जिन्यात आल्या, मग खालच्या दुकानापर्यंत गेल्या. तिचे बाबा बँकेतून लवकर आले. बिल्डिंगमधले काका लोक बाहेर पडले, कुणी स्टेशनला, कुणी शाळेकडे. मंग्या धावत माझ्याकडे आला. "अरे, ती सुनीताकडे गेली असेल का?"

मी त्याला दाराच्या आत ओढलं. "गप्प बस. लीगचं कळलं तर सगळ्यांना मार पडेल. शपथ घेतलीय ना?"

मंग्या गप्प बसला. त्याला सुनीता खरी वाटत होती. त्याच्या दृष्टीने तो फक्त शपथ पाळत होता.

मला माहीत होतं ती कुठे गेलीय. तेव्हा बोललो असतो तर कुणीतरी सरळ पारनाक्याला गेलं असतं. ती सापडली असती. मी गॅलरीत उभा राहून बघत होतो.

दिवे लागायच्या सुमारास ती परत आली. सोबत कल्याणचा एक हवालदार. ती पारनाक्याच्या गल्ल्यांमध्ये दारं वाजवत फिरलेली — इथे सुनीता राहते का, तिला कावीळ झालीय. कुणी म्हणे पुढच्या गल्लीत बघ, कुणी म्हणे त्या बाजूला. शेवटी रस्ता चुकून दुर्गाडीकडे गेली आणि तिथे रडताना हवालदाराला दिसली. हे सगळं हवालदारानेच सांगितलं, खाली उभं राहून, मोठ्या आवाजात. चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. तिच्या हातात एक पिशवी होती. तिच्या बाबांनी ती ओढून उलटी केली. कावीळवाल्यांना देतात म्हणून चणे-फुटाणे. आणि तो जरीचा बेल्ट. आजारी मैत्रिणीला द्यायला नेलेला — हे नंतर कळलं. बाबांना ते फडकं वाटलं. त्यांनी ते तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"कुणाला भेटायला गेलेलीस?"

"मैत्रिणीला."

"कुठली मैत्रीण? आडनाव काय? कुठे ओळख झाली?"

मनी बोलली नाही. तिला आडनाव माहीत नव्हतं, मी दिलंच नव्हतं. आणि ओळख कुठे झाली, हे सांगायचं म्हणजे लीगचं सांगायचं. तिने एकदा वर बघितलं. माझ्या गॅलरीकडे. मला वाटतं ती परवानगी मागत होती. मी आत गेलो.

तिला मार पडला. खालून आवाज येत होता. आईने आमचं दार लावून घेतलं.

आता पुढचं. मघापासून मी यालाच वळसे घालतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल. कुस्ती, बेल्ट, सुनीता — यावर माणूस म्हणेल, पोरवय होतं, जाऊ दे. यापुढचं मात्र जाऊ देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीची आई आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. चहा नको म्हणाली. माझी आई शेजारी, बाबा पेपर घेऊन कोपऱ्यात. तिने मला जवळ बसवलं आणि अगदी हळू विचारलं, "शिरीष, तुम्ही एकत्र खेळता. तू शहाणा मुलगा आहेस. मला खरं सांग बाळ, मी तिला काही करणार नाही. ती कल्याणला... कुणा मुलाला भेटायला जायची का?"

मुलाला. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मोठ्यांच्या डोक्यात रात्रीच आलेलं. मैत्रिणीचं आडनाव नाही, पत्ता नाही — मग मैत्रीण नाहीच.

एक वाक्य पुरलं असतं. काकू, ती मी बनवलेली गोष्ट होती. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या. संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग माझ्यावर हसली असती. एवढंच.

मी म्हटलं, "मला माहीत नाही काकू." इथवर थांबलो असतो तरी भित्रा म्हणून सुटलो असतो. पण ती माझ्याकडे बघतच होती. तिला माझ्यावर शंका येईल असं मला वाटलं. म्हणून मी पुढे म्हटलं, "पण बोलायची ती कधीकधी. कल्याणबद्दल. कुणीतरी आहे तिकडे म्हणायची."

कुणीतरी आहे तिकडे.

तिच्या आईने डोळे मिटले. मग उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

ती बाई कुणाला काही बोलली नसेल. पण माझी आई तिथे होती, आणि आईने ते शेजारच्या वहिनींना काळजीनेच सांगितलं. आठवडाभरात बिल्डिंगमध्ये एक मुलगा तयार झाला. कुणी म्हणे कॉलेजातला आहे, कुणी म्हणे रिक्षा चालवतो. मी एक सुनीता बनवली होती, लोकांनी तिचा मुलगा केला. मनी खाली आली की बायकांचं बोलणं थांबायचं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी! जसवंतीबायच तेवढी तिला नेहमीसारखी हाक मारायची.

निकाल लागायच्या आत तिला सोलापूरला काकांकडे पाठवायचं ठरलं. जायच्या दिवशी मी जिन्यात अडकलो, वर जाता येईना आणि खालीही. ती ट्रंकेमागून उतरत होती. वडील पुढे गेलेले बघून थांबली. मला वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "सुनीता बरी झाली की तिला सांग, मी आलेले. घर सापडलं नाही."

मी म्हटलं, "सांगतो."

तिने माझं नाव कुणासमोर घेतलं नाही. शेवटपर्यंत. मी लावलेला नियम लीगमध्ये सगळ्यांत नीट तिनेच पाळला.

लीग नंतर चालली नाही. मंग्याने येणं बंद केलं, काही बोलला नाही. ब्लॅक कोब्रा बेल्टसकट तसाच राहिला, त्याला हरवायला कुणी आलंच नाही. बाबांना दुसरी नोकरी लागली. मी बारावी झालो, नोकरीला लागलो. मनीच्या आई-वडिलांनी जागा सोडली. मी त्यांना विसरलो, असं म्हणत होतो.

दशक संपत आलेलं तेव्हाची गोष्ट. दाढ दुखत होती म्हणून मी ठाण्याला नौपाड्यात एका दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑफिसमधल्या कुणीतरी नाव सुचवलेलं. बाहेर टेबलामागे बसलेल्या बाईने माझं नाव विचारलं, सांगितलं तर मान वर केली. "शिऱ्या?"

मनी. गळ्यात मंगळसूत्र, केसांना पिन. मी दाराकडे बघितलं. तिला मात्र खरंच आनंद झालेला. भराभर बोलत होती. सोलापूरला दहावी झाली, काकांनी पुढे शिकवलं नाही — मुलगी परत पळून जाईल म्हणून, असं हसत म्हणाली. एक स्थळ आलेलं, त्यांनी आमच्या बिल्डिंगमध्ये चौकशी केली, त्यांना कुणीतरी कल्याणचं सांगितलं, मोडलं. "बरंच झालं, मुलगा फार घोरतो असं नंतर कळलं." मग हे लग्न. नवरा चांगला आहे. माजिवड्याला राहतात. त्याला तिने सगळं आधीच सांगितलेलं, त्याने विश्वास ठेवला. "आईने नाही ठेवला रे. आई गेली मागच्या वर्षी. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, कुणी मुलगाच होता."

मी काय म्हटलं आठवत नाही. अरेरे, असं काहीतरी.

मग तिने थोडं पुढे वाकून विचारलं. बाकावर दोन पेशंट बसलेले, म्हणून आवाज खाली. "आणि सुनीता? ती कशी आहे? बरी झाली ना तेव्हा?"

तिच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलं. तिला खरं कळलंय आणि ती मला संधी देतेय का? पुष्कळ वेळा विचार केलाय यावर. नाही. ती खरंच विचारत होती. इतकी वर्षं तिला काळजी होती.

तिची आई गेलेली होती. तरी मनी समोर होती. मी पंचविशीच्या जवळ आलेलो, पगार घेणारा माणूस. मारणारं कुणी नव्हतं.

"झाली की," मी म्हटलं. "लग्न झालं तिचं. पुण्याला असते."

"अगं बाई!" मनी म्हणाली. किती हलकी झाली ती. "मला कधीकधी वाटायचं, ती त्यातच गेली की काय. भेटली तर सांग हं."

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी गेलो, खुर्चीत बसलो. परत त्या डॉक्टरांकडे गेलो नाही. अर्धवट राहिलेली दाढ मी डोंबिवलीला काढून घेतली.

कल्याणला सुनीता नव्हती. मुलगाही नव्हता. मनीला हरवता येत नव्हतं म्हणून मी तिच्यासाठी एक बेल्ट काढला, बेल्टसाठी एक मुलगी काढली, आणि मनीच्या आईने विचारलं तेव्हा खोटं बोललो. मनीने विचारलं तेव्हाही. मनी अजून ठाण्यातच असेल. मी तिच्याकडे गेलेलो नाही.